शिंक एक, संशय चार

सकाळी सहाला जाग आली ती शिंकेनेच. लागोपाठ सात आल्या. मोजल्या मी, कारण आठवी येतेय की नाही याची वाट बघत बसल्यावर माणसाला दुसरं काही सुचत नाही. बायको कूस बदलत म्हणाली, "सर्दी झालीये तुला." विषय संपला असता, पण इतक्या साध्या उत्तरावर गप्प बसेन तर मी कसला? सर्दी म्हणजे तरी नेमकी कोणाची, सर्दी करणारे व्हायरसच दोनशेच्या वर आहेत, शिवाय फ्लू वेगळा, कोविड वेगळा आणि अ‍ॅलर्जी तर व्हायरसच नाही, पण नाक गळणार ते तसंच. सगळ्यांनी एकाच वहीतून लक्षणं कॉपी केल्यासारखी.

आदल्या दिवशी मी माळा साफ केला होता, त्यामुळे माझं मत अ‍ॅलर्जीला. अ‍ॅलर्जीत ताप नसतो आणि डोळे खाजतात. डोळे खाजतायत का हे बघायला चोळले, आणि चोळल्यावर खाजायलाच लागले, पुरावा हजर! ताप मोजला तर आधी 98.9, मग 99.3, मग 98.6. डॉक्टर लोक साधारण 100.4 च्या खाली त्याला तापच म्हणत नाहीत, म्हणजे इतकी मेहनत करून आपण नापासच. फ्लू पण नसावा, कारण फ्लू कसा दुपारी धडधाकट माणसाला संध्याकाळी आडवा करतो, अंग ठेचल्यासारखं दुखतं. मी तर आरशासमोर जीभ काढून उभा होतो.

मग कोविडसाठी वासाची परीक्षा. साबण हुंगला, काही नाही. कालचा मोजा हुंगला, तरी काही नाही, आणि माझ्या पोटात गोळा आला. बायको म्हणाली, "अरे, नाक चोंदलंय तुझं, वास येणार कुठून?" तिला मेडिकलमधलं काही कळत नाही असं मी मनात म्हटलं आणि 2020 पासून ड्रॉवरमध्ये पडलेला, रक्तातला ऑक्सिजन मोजायचा ऑक्सिमीटर काढून बोटाला लावला. 91! खुर्चीत बसलोच मी. मुलांना बोलवावं का, पासवर्ड कुठे लिहून ठेवलेत ते सांगावं का, सगळं मनात येऊन गेलं. नंतर लक्षात आलं की आत्ताच गार पाण्याने हात धुतलेत आणि गार बोटावर हे यंत्र हमखास गडबडतं. तळवे घासघासून गरम केले, 98. पासवर्ड सांगायचे वाचले.

कोविडची घरी करायची टेस्ट पण केली. पंधरा मिनिटं त्या पट्टीकडे दहावीच्या निकालासारखं बघत होतो, एकच रेघ. एकदा निगेटिव्ह आलं म्हणजे सुटलो असं नसतं, दोन दिवसांनी परत करायची असते, पण ते मी सोयीस्करपणे विसरलो. डॉक्टरांना फोन केला तर त्यांनी दोनच प्रश्न विचारले, धाप लागते का, छातीत दुखतं का. नाही म्हटल्यावर म्हणाले, भरपूर पाणी प्या, झोपा आणि घरात मास्क लावा. अँटिबायोटिक मागितलं तर हसले, व्हायरसवर ते चालत नाही म्हणून.

मास्क मात्र मी लावला नाही. अ‍ॅलर्जी पसरत नाही, हे बायकोला जवळ बसून, मधे मधे शिंकत, अर्धा तास समजावलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला शिंकेनेच जाग आली. माझ्या नाही. मी डोळे मिटून पडून राहिलो, पाच, सहा, सात, आणि मग नाक पुसत ती म्हणाली, "अरे, माळ्यावर तर तू चढला होतास ना?"