घूं आवाज घालवायला अर्थिंगची पिन कापू नका

‘होम थिएटरच्या वायरिंगच्या चार टिप्स’ हा फॉरवर्ड माझ्याकडे तीन वेळा आला. तिन्ही वेळा न वाचता सोडला, ही माझी चूक. गेल्या रविवारी रत्नागिरीला मामाकडे गेलो, तर त्याने पहिली टिप अमलातही आणली होती. ॲम्प्लिफायरच्या थ्री-पिन टॉपची वरची जाड पिन पकडीने तोडून ठेवलेली!

टिप अशी: ‘स्पीकरमधून घूं आवाज येत असेल तर अर्थिंगची पिन काढा, शंभर टक्के बंद.’ आवाज बऱ्याचदा बंद होतो, म्हणून तर लोक विश्वास ठेवतात. पण रॅकच्या मागे हात घातला आणि ॲम्प्लिफायरच्या पत्र्याला मनगट टेकलं, तर झिणझिण्या आल्या. टेस्टर लावला, पेटला. आतल्या फिल्टरमधून थोडा करंट बॉडीवर येतो आणि एरवी तो अर्थिंगमधून निघून जातो. उद्या आतलं इन्सुलेशन गेलं तर त्याच पत्र्यावर पूर्ण 230 व्होल्ट. अर्थिंग असेल तर एमसीबी (बिघाड झाला की वीज आपोआप तोडणारा स्विच) पडते. नसेल तर काहीच पडत नाही, पत्रा तसाच जिवंत राहतो, आणि एचडीएमआयच्या (चित्र आणि आवाज नेणाऱ्या) वायरीतून ते व्होल्टेज टीव्हीपर्यंत पोचतं. मामाच्या घरात चार वर्षांची नात आहे हो!

माझं ऐकू नका, ॲम्प्लिफायरसोबत आलेलं पुस्तक उघडा. बहुतेक कंपन्या सुरक्षेच्या सूचनांत स्पष्ट छापतात: अर्थिंगच्या प्लगची सुरक्षा निकामी करू नका.

मग तो आवाज येतो कुठून? जोडलेल्या दोन यंत्रांना जमिनीकडे जायच्या दोन वाटा मिळाल्या की त्यांच्यात लूप तयार होतो आणि 50 हर्ट्‌झची घरघर स्पीकरमध्ये उतरते. मामाकडे आधी टॉप बदलला, घूं परत सुरू. मग सेटटॉप बॉक्सला येणारी केबलवाल्याची जाड काळी वायर काढली, आणि एकदम शांतता. दुसरी वाट ती होती. त्या वायरीत आयसोलेटर (सिग्नल जाऊ देतो, पण जमिनीकडची वाट तोडतो) टाकला, काम झालं.

दुसरी टिप, ‘सगळ्या वायरी एकत्र घट्ट बांधा.’ दिसायला छान, पण पॉवरच्या वायरी एका बाजूने आणि ऑडिओच्या दुसऱ्या बाजूने न्या. जिथे भेटतील तिथे काटकोनात ओलांडू द्या.

तिसरी, ‘सोन्याचा मुलामा असलेल्या एचडीएमआयने चित्र सुधारतं.’ नाही सुधारत. सिग्नल डिजिटल आहे. केबल कमी पडली तर ठिपके येतात किंवा पडदा काळा होतो, रंग फिके पडत नाहीत. कोकणातल्या खाऱ्या हवेत मुलामा गंज रोखतो, एवढं मान्य. सेकंदाला 48 गिगाबिटचा वेग हवा असेल तर ‘अल्ट्रा हाय स्पीड’चं प्रमाणित लेबल बघा.

चौथी, ‘सगळं एकाच बोर्डावर लावा.’ ही अर्धी बरोबर आहे, नाइलाजाने म्हणतो. सगळ्यांची अर्थिंग एकाच जागी आली की लूप कमी होतो. पण 6 अँपिअरचा बोर्ड म्हणजे साधारण 1380 वॉट. त्यावर इस्त्री लावू नका.

ज्यांनी पिन कापली आहे त्यांनी स्विच बंद करून आजच टॉप बदला. बदलल्यावरही बॉडीवर टेस्टर पेटला तर सॉकेटमध्ये अर्थिंग पोचतच नाहीये. मग ॲम्प्लिफायर बंद ठेवा आणि वायरमनला बोलवा.