कप आपला, गडी बाहेरचा

भुसावळला डिसेंबर लागला की आमच्या कट्ट्यावर एकच विषय, भरीत पार्टी कोणाच्या मळ्यात, वांगी बामणोदची आणायची का बाजारातलीच चालतील, आणि कळण्याच्या पुऱ्या कोणाच्या घरून येणार. शनिवारी रात्री पण त्यासाठीच बसलो होतो. पण चहावाल्याच्या काचेच्या कपाटात टोस्टच्या बरणीशेजारी आपला कप ठेवलाय ना, त्याच्यावर आप्पांची नजर गेली आणि भरीत राहिलं बाजूला.

कप म्हणजे मागच्या रविवारचा, बास्केटबॉलचा. सहा वर्षांत पहिल्यांदा आपली टीम फायनलला गेली आणि ऐन फायनलला बंटीने अकोल्याहून एक पोरगा बोलावला. सव्वासहा फूट उंच, 3 हजार रुपये आणि जाण्यायेण्याचं तिकीट. आपले 51 पॉईंट झाले त्यातले 28 त्या एकट्याचे. मॅच संपली, फोटो झाले, पोरगा रात्रीच्याच गाडीने परत.

आप्पा म्हणजे रिटायर्ड लोको पायलट, मूळचे पारोळ्याकडचे, 40 वर्षं भुसावळात काढली पण अहिराणी काही सुटली नाही. चहाचा ग्लास खाली ठेवला आणि म्हणाले, "हाऊ कप आपला शे का त्या अकोलावालाना?"

झालं. बंटी पेटलाच.

बंटीचं कसं आहे, रात्रीबेरात्री मोबाईलवर जगातल्या कुठल्याही लीगच्या मॅचेस बघत बसतो, त्यामुळे त्याच्याशी वाद घालायचा म्हणजे तो तुम्हाला थेट मनिलाला नेऊन सोडतो. या वेळी पण तेच. म्हणे आप्पा, फिलिपिन्समध्ये तुम्ही हा प्रश्न विचारला असता तर लोकांनी तुम्हाला चहा पण पाजला नसता. तिथे जस्टिन ब्राउनली नावाचा अमेरिकन आहे, जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन गावचा. एनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या मोठ्या लीगमध्ये, त्याचं काही जमलं नाही. 2016 ला तिकडच्या पीबीए लीगमध्ये बरांगाय जिनेब्रा टीमचा बाहेरचा खेळाडू दुखापतीने बाद झाला, त्याच्या जागी बदली म्हणून याला बोलावलं. बाहेरच्या खेळाडूला तिकडे शब्दच आहे, इम्पोर्ट. आणि या बदलीवाल्याने त्याच वर्षी फायनलच्या सहाव्या मॅचला वेळ संपल्याचा बझर वाजता वाजता थ्री, म्हणजे लांबून 3 पॉईंटचा शॉट टाकला आणि जिनेब्राचा 8 वर्षांचा दुष्काळ संपवला. मग काय, माणूस तिथलाच झाला, दरवर्षी येतोय, खेळतोय, कप जिंकून देतोय. शेवटी 2023 च्या जानेवारीत त्यांच्या संसदेने पास केलेल्या कायद्यावर राष्ट्राध्यक्षांनी सही केली आणि 34 वर्षांचा ब्राउनली फिलिपिनो झाला. एका माणसासाठी कायदा, आप्पा, एका माणसासाठी!

आप्पा म्हणाले, "आठे सातबारावर नाव चढाडाले दोन वरीस लागस."

(हे खरंच आहे, पण विषय तो नव्हता.)

बंटीचं पुढे चालूच. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हांगझोऊला एशियन गेम्स, सेमीफायनलला समोर चीन, चीनच्याच ग्राउंडवर, आणि फिलिपिन्स 20 पॉईंटनी मागे. इथून कोणी टीव्ही बंद करून झोपून जाईल. शेवटच्या क्वार्टरला ब्राउनली सुटला, शेवटच्या मिनिटात थ्रीवर थ्री, मॅच 77-76. फायनलला जॉर्डन, त्याच जॉर्डनने आधी ग्रुपमध्ये यांना 25 पॉईंटनी धुतलेलं, आणि फायनलला यांनी त्यांना 70-60 हरवलं. 1962 नंतर पहिलं गोल्ड. बंटी हे सांगताना उभाच राहिला होता, हातात चहाचा ग्लास, आणि त्याने हवेत थ्री मारायची ॲक्शन केली तेव्हा अर्धा चहा माझ्या चपलेवर.

तेवढ्यात सीमाताई बोलली. ताई विद्यापीठाकडून खेळलेली, आता शाळेत पीटी घेते, कट्ट्यावर बास्केटबॉल हातात धरलेली खरी माणसं दोनच, एक ती आणि एक गोट्या. ती म्हणाली, बंट्या तू अर्धंच सांगतोस. जॉर्डनचा मेन खेळाडू कोण होता, रॉन्डे हॉलिस-जेफरसन, तो पण अमेरिकन, आणि तो पण त्याच फिलिपिन्सच्या लीगमध्ये इम्पोर्ट म्हणून खेळलेला. म्हणजे आशियाची फायनल आणि दोन्हीकडून हुकमाचा पत्ता अमेरिकेचा. आता याच्यात आशिया कुठे आहे ते दाखव.

यावर सगळे हसले. गोट्या सोडून.

गोट्या तिकडे कडेला बाईकवर बसून शेंगा फोडत होता, साल पुढ्यात टाकत होता, ढीग झालेला. सांगायचं राहिलं, अकोल्याचा पोरगा आला म्हणून फायनलच्या पहिल्या पाचातून बाहेर कोण गेलं तर गोट्या. चार वर्षं रोज पहाटे साडेपाचला ग्राउंडवर कोण जातं तर गोट्या. जाळी फाटली तर स्टूलवर चढून दोरीने कोण बांधतं, तोच. आणि फायनलला तो टॉवेल आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन बसला. वरून, जर्सीचे सेट मोजके, त्यामुळे अकोल्यावाल्याने घातली ती 7 नंबरची जर्सी पण गोट्याचीच. हे त्या रात्री कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं, माझ्याही नाही.

गोट्या एवढंच बोलला, "त्या फिलिपिन्सच्या बेंचवर कोण बसलं ते पण सांग ना भो."

आणि इथे बंटी गप्प बसेल असं वाटलं, पण त्याने जे सांगितलं ते मला नवीन होतं. फिबाचा, म्हणजे बास्केटबॉलच्या जागतिक संघटनेचा नियम आहे, बारा जणांच्या टीममध्ये असा पासपोर्ट नंतर मिळालेला खेळाडू एकच चालतो, आणि नंतर म्हणजे वयाच्या सोळाव्या वर्षानंतर. आता जॉर्डन क्लार्कसन घ्या, एनबीएतला मोठा प्लेयर, आईच्या बाजूने फिलिपिनो रक्ताचा, पण पासपोर्ट सोळाच्या आत काढलेला नाही, म्हणून फिबाच्या हिशोबात तो पण बाहेरचाच. 2023 चा वर्ल्ड कप फिलिपिन्समध्येच होता, ती एकुलती एक जागा क्लार्कसनला दिली आणि ब्राउनली बाहेर. वर्ल्ड कपच्या शेवटच्या मॅचला क्लार्कसनने चीनला 34 पॉईंट ठोकले, आणि गंमत बघा, त्या चीनच्या टीममध्ये पण काइल अँडरसन नावाचा अमेरिकेत जन्मलेला खेळाडू होता, चिनी नाव घेऊन, ली काइअर. महिन्याभराने एशियन गेम्सला क्लार्कसन नव्हता म्हणून परत ब्राउनलीला बोलावणं.

"म्हणजे तो पण तुझ्यासारखाच बसलेला होता गोट्या," बंटी म्हणाला.

"मी आपल्याच गावात बसलो," गोट्या म्हणाला आणि शेंग फोडली. याला उत्तर नव्हतं कोणाकडे.

ताईने गोट्याची बाजू घेतली आणि माझ्या मते मुद्दा तिनेच नीट धरला. म्हणाली सगळे बाहेरचे एका मापाने मोजू नका. ब्राउनली सात वर्षं तिथे खेळला आणि मग त्याला पासपोर्ट मिळाला. स्पेनचं बघा, लोरेन्झो ब्राउन, अमेरिकन, स्पेनच्या कुठल्या क्लबकडून तोवर एक मॅच खेळलेला नाही, 2022 च्या उन्हाळ्यात पासपोर्ट हातात आणि सप्टेंबरला बर्लिनमध्ये फ्रान्सला 88-76 हरवून युरोपचं गोल्ड गळ्यात. तिथल्या खेळाडूंच्या संघटनेनेच विरोध केला होता, आमच्या पोराची जागा गेली म्हणून. तो खरा तुझा अकोलावाला.

बंटी म्हणे पण जिंकले ना.

"जिंकले ना" हे बंटीचं सगळ्याला उत्तर आहे, लग्नात पण हेच म्हणेल. त्याने लगेच रशियाचं काढलं, जे आर होल्डन, पिट्सबर्गचा, मॉस्कोच्या सीएसकेए क्लबमध्ये खेळायचा, पुतिनने पासपोर्ट दिला, आणि 2007 च्या युरोपच्या फायनलला माद्रिदमध्ये, स्पेनच्या घरात, 2.1 सेकंद बाकी असताना त्यानेच शॉट टाकला, 60-59. स्पेनच्या पाव गसोलचा शेवटचा बॉल आत गेला नाही. आता बोला.

ताई म्हणाली बोलते. बेकी हॅमन. साउथ डकोटाची पोरगी, अमेरिकेच्या लीगमधली टॉपची गार्ड, पण ऑलिम्पिकसाठी घरचं बोलावणंच आलं नाही. क्लबचा करार मॉस्कोत, मग 2008 ला ती रशियाकडून बीजिंगला गेली. तिच्याच देशाच्या कोचने तिच्या देशप्रेमावर बोट ठेवलं. सेमीफायनलला समोर अमेरिकाच आली, रशिया हरला, पण ती ब्राँझ घेऊन आली. "घरच्यांनी बेंचवर पण बसवलं नाही तर माणूस काय करेल," ताई म्हणाली आणि हे बोलताना ती गोट्याकडे बघत नव्हती, कपाटाकडे बघत होती. तिची स्वतःची पण एक गोष्ट आहे निवड चाचणीची, ती कधी पूर्ण सांगत नाही, आम्ही पण विचारत नाही.

आप्पा एवढा वेळ शांत होते. मग म्हणाले, "पैसा लिधा, खेळना, निंघी गया. तो आपला कसा व्हई?"

मी म्हटलं आप्पा, आपल्या देशात तर हा प्रश्नच येत नाही, दोन पासपोर्ट आपल्याकडे चालतच नाहीत. फुटबॉलमध्ये अराता इझुमी होता ना, पुण्याच्या क्लबकडून खेळायचा, वडील गुजराती मूळचे, त्याला भारताकडून खेळायचं तर जपानचं नागरिकत्व सोडावं लागलं, सोडलं, आणि 2013 ला खेळला. आणि आपल्या बास्केटबॉलच्या पोरांनी 2014 ला वुहानमध्ये जाऊन चीनला चीनमध्ये 65-58 हरवलं, एकही इम्पोर्ट नाही. फक्त कोच अमेरिकन, स्कॉट फ्लेमिंग.

"देख, कोच बाहेरनाच," आप्पा खूश.

तर ताईने तिथेच पकडलं. आप्पा, रेल्वेची महिला टीम नॅशनलला इतक्या वेळा जिंकते, तेव्हा तुम्ही कॉलर ताठ करून सांगता ना, आमची रेल्वे जिंकली म्हणून? अनिता पॉलदुराई चेन्नईची, दक्षिण रेल्वेत नोकरीला, भारताची कॅप्टन, पद्मश्री. नॅशनलला स्वतःचं राज्य सोडून रेल्वेची जर्सी घालणाऱ्या पोरी तुमच्या आपल्या, मग अकोल्याचा पोरगा परका कसा?

"ती रेल्वे शे," आप्पा म्हणाले. जणू रेल्वे म्हणजे रक्ताचं नातं. आणि भुसावळात बघायला गेलं तर आहेच, अर्धं गाव कुठून कुठून बदली होऊन आलेलं, कॉलनीत एका बाजूला छठपूजा आणि दुसऱ्या बाजूला ओणमची रांगोळी, आणि तिसऱ्या पिढीची पोरं भांडताना "काय रे भो" म्हणतात. माझे आजोबा पण कोयना प्रकल्पात जमीन गेली म्हणून इकडे नोकरीला आले, मी कुठला हे मला विचारलं तर भुसावळच सांगतो.

बंटीने ब्राउनलीचं शेवटचं शेपूट सांगितलं ते पण लिहून ठेवतो. गोल्डनंतर डोप टेस्टमध्ये अडकला, गांजाशी संबंधित घटक सापडला, 3 महिने बंदी बसली. फिलिपिन्सने हात झटकले नाहीत. बंदी संपली तसा परत टीममध्ये, आणि 2024 च्या जुलैत ऑलिम्पिकच्या क्वालिफायरला यांनी रीगात जाऊन लॅटव्हियाला 89-80 हरवलं, त्यांच्या गर्दीसमोर. पुढे ब्राझीलकडून हरले, ऑलिम्पिक हुकलं, तेव्हाही जर्सी त्याच्याच अंगावर होती. मला विचाराल तर पासपोर्टची तारीख फिबाला बघू दे, मी हे बघेन, हरल्यावर गाडी पकडतो का थांबतो.

पण हे मी तिथे बोललो नाही कारण तेवढ्यात बंटीचा फोन वाजला आणि स्क्रीनवर अकोला. बंटीने स्पीकरवर टाकला. पोरगा म्हणे दादा, ऐकलं तुमच्याकडे भरीत पार्टी आहे, मी येऊ का, पैसे नको, तिकीट पण माझं मी काढतो, आणि सकाळी प्रॅक्टिसला पण येईन.

सगळे गोट्याकडे बघायला लागले. गोट्याने मांडीवरची सालं झटकली, उठला, फोनजवळ तोंड नेऊन म्हणाला,

"येतो तर ये. पण माझी जर्सी धुऊन आण."