‘लेखिकेने कंटाळा केला’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. माझ्या सुनेचं माहेर अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातलं, गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या माणसांचं घराणं. त्या माहेरच्या वंशावळीवरच्या माझ्या लेखाला तुम्ही दिलेली प्रतिक्रिया वाचली. पहिल्यांदा वाचली तेव्हा राग आला. दुसऱ्यांदा वाचली आणि जॉर्जियाच्या जनगणनेची पानं पुन्हा उघडून बसले. त्यात चार दिवस गेले, म्हणून उत्तराला उशीर.

तुमचे आक्षेप तीन. सुनेच्या पणजीच्या मृत्यूनंतर घरच्यांनी जे जन्मसाल छापलं ते सोडून मी जनगणनेच्या परक्या सरकारी माणसाने लिहिलेलं साल धरलं. 1870च्या पानावरच्या एका बाईला पुराव्याशिवाय ‘बायको’ ठरवलं. आणि 1870च्या मागच्या पिढ्यांकडे न जाता ‘लेखिकेने कंटाळा केला’. तुम्ही म्हणता, आपल्याकडे त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वहीत कितीतरी पिढ्या सापडतात की!

मधला आधी घेते, कारण तिथे तुमचंच बरोबर आहे. 1870च्या तक्त्यात नात्याचा रकानाच नव्हता, तो 1880 साली आला. पानावर पंचेचाळीस वर्षांचा पुरुष, खाली अडतीस वर्षांची बाई, खाली तीन मुलं, आडनाव एकच. मी मनानेच संसार मांडला. 1880चं पान मला मिळालं नव्हतं, कारण नावांच्या सूचीत आडनाव चुकीचं वाचलं गेलं होतं. तुमच्या प्रतिक्रियेनंतर सूची बाजूला ठेवली. जॉर्जियाच्या खेड्यांत पानाच्या डोक्यावर ‘मिलिशिया डिस्ट्रिक्ट’चा, म्हणजे तिथल्या छोट्या विभागाचा, नंबर असतो, तो धरून घरामागून घर वाचत गेले. सापडले. पुरुष छप्पन्न वर्षांचा, आणि त्या बाईपुढे स्वच्छ अक्षरात लिहिलंय, बहीण. म्हणजे मुलांची ती आत्या. मग आई कोण, कुठे गेली? सून बराच वेळ त्या एका शब्दाकडे बघत राहिली. लेखात दुरुस्ती केली आहे. आभार.

जन्मसालाचं मात्र मी मागे घेणार नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते, 1991च्या जनगणनेला प्रगणक म्हणून दारोदार फिरले आहे. घराला कुलूप असलं की शेजारीण सांगायची, “लिहा की बाई, असेल तिशी-बत्तिशी.” तेव्हा तक्त्यातल्या आकड्याची किंमत मला वेगळी सांगायला नको. जॉर्जियातही शेजाऱ्यांनी सांगितलेली वयं चढलेली आहेत. पण ‘घरच्यांनी छापलं’ म्हणजे कोणी? पणजी 1968 साली गेली. अंत्यविधीला चर्चमध्ये वाटलेली पुस्तिका नातवंडांनी लिहिली, तीत जन्म 1892. नातवंडं काही तिच्या जन्माच्या वेळी हजर नव्हती. 1900 साली मात्र तिची आई घरात होती. त्या वर्षीच्या तक्त्यात जन्माचा महिना आणि साल दोन्ही विचारत. तिथे मार्च 1887, वय 13. तिच्या खालच्या ओळीत धाकटा भाऊ, जन्म 1890. पुस्तिकेचं खरं मानलं तर धाकटा भाऊ थोरला होतो, आणि आठ वर्षांची पोर तेरा वर्षांची म्हणून खपते.

पुढे गंमत आहे. 1910ला वय 22, 1920ला 30, 1930ला 40, 1940ला 50. 1887 धरलं तर 1940ला 53 हवं. 1940च्या तक्त्यात माहिती देणाऱ्याच्या नावापुढे वर्तुळात फुली करत. ती फुली पणजीच्याच नावापुढे आहे. म्हणजे पन्नास हे तिने स्वतः सांगितलं, गोळाबेरीज करून. जन्मदाखला मागाल तर जॉर्जियात राज्यभर जन्ममृत्यूची नोंद 1919 पासून सुरू झाली. आणि आपण कशाला हसावं? माझ्या शाळेच्या रजिस्टरात निम्म्या मुलांचा वाढदिवस 1 जून होता, आणि तो आम्ही मास्तर-बाईंनीच लिहिलेला.

पुस्तिका मी टाकाऊ म्हटलेली नाही. गावातल्या पेपरात तेव्हा काळ्या माणसाच्या निधनाला क्वचितच जागा मिळे, त्यामुळे पुस्तिका हाच त्यांचा मृत्युलेख. ‘मागे कोण’ या यादीत बहिणीचं सासरचं आडनाव आणि डेट्रॉइट असं गाव होतं. ते नसतं तर ती बहीण आम्हाला जन्मात सापडली नसती. उलट 1900च्या पानावर आईपुढे दोन आकडे आहेत: झालेली मुलं 8, हयात 5. ती तीन मुलं कुठल्याच पुस्तिकेत नाहीत. एखादं कदाचित 1890च्या जनगणनेत असेल, पण ते कागद 10 जानेवारी 1921 रोजी वॉशिंग्टनच्या आगीत होरपळले आणि उरलेसुरले पुढे सरकारनेच नष्ट केले.

आता कंटाळ्याचं. हे घराणं गुलामगिरीतून सुटलेलं. अशा माणसांची नावं सरसकट लिहिणारी पहिली जनगणना 1870ची. 1860 साली गुलामांचा वेगळा तक्ता होता. डावीकडे मालकाचं नाव, पुढे ओळीला एक माणूस: वय, लिंग, रंग. नावाला रकानाच नाही. 1870ला पंचेचाळीसचा माणूस 1860ला पस्तिशीचा हवा. त्या काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) पस्तीस वर्षांचे पुरुष कितीतरी ओळींत आहेत, त्यातला एक नेमका त्याच आडनावाच्या मालकाखाली. बोट ठेवण्याचा मोह मलाही झाला. पण सुटलेल्या माणसांनी शेवटच्या मालकाचंच आडनाव घेतलं असं नाही; कोणी आधीच्या मालकाचं घेतलं, कोणी स्वतः निवडलं. तुमच्या त्र्यंबकच्या वहीत यात्रेकरू स्वतः बाप-आजा-गाव सांगतो, खाली सही करतो. 1860 साली या माणसाला कोणी काही विचारलंच नाही. विचारलं असेल तर मालकाला.

शोध थांबलेला नाही. मालकाच्या मृत्यूनंतरच्या मालमत्तेच्या याद्या काउंटीच्या कोर्टात असतात. त्यांत बैलांच्या, नांगरांच्या शेजारी माणसांची पहिली नावं आणि किंमत लिहिलेली असते. शिवाय 1867 साली जॉर्जियात काळ्या पुरुषांनी पहिल्यांदा मतदार म्हणून शपथा घेतल्या, त्याची पुस्तकं अटलांटाजवळ मॉरोला राज्याच्या दप्तरखान्यात आहेत. सही येत नसेल त्याची फुली. त्या पुस्तकात आमचा माणूस आहे का, ते बघायला सुनेने पुढच्या महिन्यात दोन दिवस रजा टाकली आहे. भिंगाचा चष्मा घेऊन मी बरोबर आहेच.