संकलन केंद्रावरील वजनकाटा बंद पडल्याच्या तक्रारीस दुकानाचे उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपण आमच्या दुकानाला एक तारा देऊन जे लिहिले आहे ते मी दोनदा वाचले आणि त्या दिवशी आपल्याकडे आलेल्या आमच्या सहकाऱ्यालाही समोर बसवून वाचून दाखवले. आपली तक्रार थोडक्यात अशी: दूध संकलन केंद्रावरच्या चालू संगणकाला नवा तीन इंची पावती प्रिंटर जोडायला आम्हाला बोलावले आणि प्रिंटर सुरू झाला, पण दुसऱ्या दिवशी पहाटे वजनकाट्याचा आकडा संगणकावर येईना, उत्पादकांची रांग दारापर्यंत गेली, सगळे दूध वहीत लिहून घ्यावे लागले, आमचा फोन कोणी उचलला नाही आणि दुपारी आलेल्या माणसाने ‘केबल चालणार नाही’ म्हणून नव्या केबलचे ७५० रुपये घेतले. ‘चांगली चाललेली केबल यांनीच घालवली आणि वर तिचेच पैसे घेतले,’ असे आपले शेवटचे वाक्य आहे.

यातले शेवटचे वाक्य सोडून बाकी सगळे खरे आहे, आणि शेवटच्या वाक्याचाही अर्धा दोष आमच्याकडे येतो. तो कसा, ते सांगतो.

प्रिंटर बसवायला फक्त त्या प्रिंटरचा ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला ते उपकरण चालवता यावे म्हणून लागणारे छोटे सॉफ्टवेअर, लागतो. आमच्या सहकाऱ्याने पेन ड्राइव्हवरचा ड्रायव्हर पॅक, म्हणजे अनेक उपकरणांच्या ड्रायव्हरांचा एकत्र संच, चालवला आणि प्रिंटरबरोबर यादीत जे जे ‘जुने’ म्हणून दिसत होते ते सगळे अपडेट करून टाकले. नव्याने विंडोज टाकलेल्या संगणकावर हे खपून जाते. रोजचे काम चालू असलेल्या यंत्रावर मात्र जो ड्रायव्हर नीट चालतो आहे त्याला हात लावायचा नसतो, मग तो कितीही जुना असो. आपल्या वजनकाट्याची केबल यूएसबीमधून सिरियल पोर्ट (काट्यासारखी यंत्रे जोडायची जुन्या पद्धतीची जोडणी, विंडोजमध्ये तिला ‘कॉम’ म्हणतात) तयार करणारी आहे, तिचाही ड्रायव्हर त्या यादीत होता आणि तोही बदलला गेला. फॅट मशीन मदरबोर्डवरच्या मूळ कॉम पोर्टला जोडलेले असल्यामुळे त्याचे आकडे येत राहिले. फक्त काटा गप्प झाला.

मग आमचा माणूस निघाला तेव्हा काटा कसा चालू होता, असा प्रश्न आपण विचारला आहे, आणि तो अगदी रास्त आहे. त्या वेळी आपले दूध संकलनाचे सॉफ्टवेअर उघडे होते आणि त्याने तो पोर्ट धरून ठेवला होता. एखादे उपकरण वापरात असताना त्याचा ड्रायव्हर बदलू गेले तर विंडोज ते उपकरण मध्येच थांबवत नाही. नव्या फायली ठेवून घेते, रीस्टार्ट मागते आणि तोवर मेमरीतल्या जुन्या ड्रायव्हरवरच काम चालू ठेवते. म्हणून दुपारी चाचणीचे वजन आले, संध्याकाळचे संकलनही सुरळीत झाले. रात्री पडद्यावर आलेल्या सूचनेला आपण ‘रीस्टार्ट’ म्हटले, तेव्हा नवा ड्रायव्हर लागू झाला. त्यात आपली काहीच चूक नाही. रीस्टार्ट करून, काट्यावर बादली ठेवून आकडा पडद्यावर येतो का ते आपल्यासमोर पाहणे, हे आमचे काम होते आणि ते झाले नाही. (जाता जाता: विंडोज १० आणि ११ मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर ‘शट डाउन’ करून पुन्हा सुरू करणे म्हणजे पूर्ण रीस्टार्ट नव्हे, कारण विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तसाच परत उचलला जातो. ड्रायव्हर बदलल्यावर ‘रीस्टार्ट’च निवडावे लागते.)

आता केबलविषयी. ती जळलेली नाही, तुटलेली नाही. तिच्यातली चिप जुन्या पिढीची आहे, आणि त्या चिपच्या नकला बाजारात फार झाल्यामुळे कंपनीने पुढच्या ड्रायव्हरमधून त्या पिढीचा आधारच काढून घेतला. परिणामी डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजमधल्या जोडलेल्या उपकरणांच्या यादीत, तिच्या नावापुढे पिवळा त्रिकोण आणि आत ‘कोड १०’, म्हणजे उपकरण सुरू होऊ शकत नाही, असे दिसते. आपली केबल अस्सल की नक्कल हे मी ठरवत नाही. नव्या ड्रायव्हरला दोन्ही सारख्याच नकोशा आहेत. असे प्रकार या धंद्यात नवे नाहीत. ऑक्टोबर २०१४ मध्ये एफटीडीआय या दुसऱ्या चिप कंपनीचा ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून आला आणि त्याने नकली चिपांमधला ओळख क्रमांकच शून्य करून टाकला. बरीच ओरड झाल्यावर तो मागे घेतला गेला. आपल्या केबलच्या बाबतीत तसे काही झालेले नाही. जुना ड्रायव्हर परत घातला की ती पूर्वीसारखी चालेल.

आणि इथेच आमची दुसरी चूक आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या पोर्टच्या ‘ड्रायव्हर’ पानावर ‘रोल बॅक’ नावाचे बटण असते. ते दाबून, पोर्टचा क्रमांक सॉफ्टवेअरमध्ये आहे तोच म्हणजे कॉम ३ राहिला आहे ना एवढे पाहून, काम एका पैशाच्या सामानाशिवाय झाले असते. हा जुना ड्रायव्हर विंडोज अपडेट पुन्हा कधीतरी बदलू शकते, म्हणून नवी केबल हा टिकाऊ उपाय आहे असे माझे आजही मत आहे. पण दोन्ही मार्ग आपल्यापुढे ठेवून निवड आपल्यावर सोडायला हवी होती. ‘ही चालणार नाही’ एवढेच सांगून पैसे घेणे बरोबर नव्हते.

सकाळच्या फोनबद्दल मी सबब सांगत नाही. आमचे दुकान दहाला उघडते, आपले संकलन सहाला सुरू होते, हे आम्हाला ठाऊक आहे. तालुक्यातली बरीच केंद्रे आमची गिऱ्हाइके आहेत. वजन, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) वहीत लिहायचे, गाईच्या दुधाचा ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफचा मूळ दर धरून दरपत्रकात प्रत्येकाचा आकडा शोधायचा आणि दहा दिवसांच्या बिलाआधी ते सगळे पुन्हा संगणकात भरायचे, हे काय असते ते मी स्वतः एका केंद्रावर बसून पाहिले आहे. केंद्राच्या यंत्राला आम्ही हात लावला असेल तर दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचपासून माझा स्वतःचा फोन चालू राहील. तो क्रमांक यापुढे बिलावर लिहून दिला जाईल.

फॉरमॅट करून दिले असते तर बरे झाले असते, असेही आपण लिहिले आहे. त्याला मात्र माझा साफ विरोध आहे. फॉरमॅट केल्यावर याच केबलला विंडोजने आपणहून नवा ड्रायव्हर लावला असता आणि काटा तसाच बंद राहिला असता. शिवाय उत्पादकांची खाती आणि मागची बिले परत बसवण्याचे काम वाढले असते.

दोन्ही फेऱ्यांचे मिळून घेतलेले ६०० रुपये आम्ही परत करत आहोत. नव्या केबलचे आपण ठरवावे. ती ठेवायची असल्यास ठेवा. नको असल्यास ७५० रुपयेही परत मिळतील आणि मी स्वतः येऊन जुना ड्रायव्हर बसवून, रीस्टार्ट करून, काटा दाखवून जाईन. सकाळचे टँकर गेल्यानंतर आणि संध्याकाळच्या संकलनाआधी, दुपारी बारा ते तीनच्या दरम्यान कोणताही दिवस सांगावा. तोवर जुनी केबल कृपया टाकून देऊ नये.