चौथा सेल

आमच्या घरापर्यंत विजेची तार पोचत नाही. छपरावर पॅनेल, जिन्याखाली बॅटऱ्या आणि या दोघांच्या मध्ये मी, अशी आमची वीजव्यवस्था आहे.

जुन्या लेड-ॲसिड बॅटऱ्या बोलक्या होत्या. भरत आल्या की बुडबुडायच्या, अधूनमधून डिस्टिल्ड वॉटर मागायच्या, टर्मिनलवर पांढुरकी बुरशी आणून रुसवा दाखवायच्या. आता दोन लिथियम आयर्न फॉस्फेटच्या आणल्यात. या अगदी घुम्या. 40 टक्के भरलेली असो की 60, मीटर आपला 13.1, 13.2 व्होल्टच्या आसपास घुटमळतो. पोट किती भरलंय, चेहऱ्यावरून काही म्हणून कळत नाही.

माहितीपत्रकात लिहिलं होतं, दोन्ही बॅटऱ्या आधी वेगवेगळ्या पूर्ण भरा, मग पॅरलल जोडा. वाचायला एवढंच. पहिली जोडली आणि पॅनेलची वीज बेताने बॅटरीला भरवणाऱ्या चार्ज कंट्रोलरची जुनी सेटिंग बदलायची राहून गेली. त्यात इक्वलायझेशन, म्हणजे मुद्दाम जादा व्होल्टेज देऊन भरणं, चालू होतं, 15.5 व्होल्टचं. लेडला ते औषध, लिथियमला विष. आतल्या बीएमएसने खाडकन दार लावून घेतलं, चार्जिंग बंद. (हे बीएमएस, म्हणजे बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम, बॅटरीचा सोवळा रखवालदार. चूक कोणाचीही असो, दार लागतं.)

सेटिंग बदलली. 14.4 व्होल्ट, इक्वलायझेशन बंद, तापमानाची भरपाई शून्य. दार पुन्हा लागलं. मोबाइलवर ॲप उघडून बॅटरीतल्या चार सेलचे व्होल्ट पाहिले: 3.40, 3.41, 3.39 आणि चौथा सेल 3.65. बेरीज 13.85. म्हणजे वर्गातल्या एका पोराचा पेपर लवकर लिहून झाला म्हणून सगळ्यांचेच काढून घेतले! बाहेर रणरणतं ऊन फुकट चाललेलं, आणि आत तीन सेल अर्धपोटी.

यावर सोपा उपाय एकच. व्होल्टेज 13.8 वर उतरवायचं, करंट कमी ठेवायचा आणि वाट बघायची. चौथ्याचा जादा चार्ज बीएमएसमधला बॅलन्सर एका रेझिस्टरमधून जाळतो, तोही 50 मिलिअँपियरने. मी हिशेब मांडला. चौथा तीन अँपियर-तास पुढे असेल तर साठ तास लागणार. तेही बॅटरी भरत आलेली असतानाच, म्हणजे दुपारचे दोनेक तास. एकूण एक महिना. हौद चमच्याने उपसणाऱ्यालाही माझी कीव आली असती.

"अहो, मशीन लावू का? कपड्यांचा ढीग झालाय."

"थांब, चौथा खाली येतोय."

"काल पण येत होता."

चौथा आमच्या घरात नातेवाईक होऊन बसला. ढग आले की ही विचारायची, "आज तुमचा चौथा कसा आहे?" मी जिन्याखाली उकिडवा बसून एका हाताने मोबाइल आणि दुसऱ्या हाताने कंबर धरून आकडे वाचायचो. 3.58. 3.55. परत 3.57. तेवढ्यात कोणी पंप चालू केला की सगळे आकडे एकदम कोसळायचे आणि माझ्याही पोटात तसंच काहीसं व्हायचं.

सव्वीसाव्या दिवशी दुपारी चारही सेल 3.45 वर एका रांगेत उभे! मी ओरडलो. ही धावत आली, आकडे पाहिले आणि वळून थेट कपड्यांकडे गेली.

दुसऱ्या दिवशी खोक्यातली दुसरी बॅटरी काढून जोडली. संध्याकाळी मी जिन्याखाली गप्प बसलेलो पाहून हिने वरूनच विचारलं, "आता कोण?"

"दुसरा," मी म्हणालो.