‘बांध’ साहेबाने दिलेला नाही

गेले काही दिवस एक मजकूर सगळीकडे फिरतोय. त्याचं म्हणणं असं: ‘बांध’ हा इंग्रजी ‘बंड’चा अपभ्रंश आहे, पुरावा म्हणून कंटूर बंडिंग (उताराला आडवे, समान उंचीवर मातीचे बांध घालणं) आणि पुण्याचं बंड गार्डन पाहा, तसं नसेल तर तो फारसी ‘बंद’ आहे, आणि बांध म्हणजे शेताची हद्द, एवढाच त्याचा अर्थ. यातलं एकही विधान टिकत नाही. रोज ज्याच्यावरून चालतो तो शब्द असा परक्याच्या नावावर चढलेला मला बघवत नाही.

आधी इंग्रजीचं. इथे क्रमच उलटा आहे. ‘बंड’ हा शब्द इंग्रजांनी हिंदुस्थानात उचलला. 1886 साली निघालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन शब्दकोशात तो इथला शब्द म्हणूनच नोंदलाय. पुढे तो त्यांच्याबरोबर चीनला गेला आणि शांघायच्या नदीकाठाला चिकटला. ‘बंडिंग’ मात्र खरंच इंग्रजी वळणाने परत आलं. 1972च्या दुष्काळात माणसं ‘बंडिंगवर’, म्हणजे बांध घालायच्या सरकारी दुष्काळी कामावर, जायची, पण स्वतःच्या रानात बांधच घालायची.

बंड गार्डनचं नाव तिथे मुळा-मुठेवर घातलेल्या बंधाऱ्यावरून पडलं. त्यावरून ‘बांध’ इंग्रजी ठरत नाही.

फारसीचा दावा जरा वजनदार आहे, कारण फारसी ‘बंद’ आणि संस्कृत ‘बन्ध’ ही एकाच घराण्यातली भावंडं. पण मराठीत फारसीकडून आलेले शब्द कानाने ऐका: बंद, बंदर, बंदोबस्त, कमरबंद. सगळीकडे ‘द’, आणि आधीचा स्वर ऱ्हस्व. ‘बांध’मध्ये ‘ध’ आहे आणि स्वर लांबलाय. ही मराठीची जुनी चाल आहे. संधीचा सांधा झाला, अंधचा आंधळा झाला, तसा बंधचा बांध. शिवाय ‘बंध’ पाण्याशी जोडायला आपण कुणाची वाट पाहिली नाही. पाचव्या शतकातला वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याच्या महाराष्ट्री प्राकृत काव्याचं नावच ‘सेतुबंध’ आहे.

राहिला अर्थ. हद्दीवर बांध असतो, त्यावरून भांडणं होतात, शेजारी तो कोरतो, हे खरंच. विदर्भात त्याला धुरा म्हणतील, कोकणात मेर. पण आमच्या तीन एकरांत चार बांध आहेत आणि त्यातले तीन कुणाच्याच हद्दीवर नाहीत. ते उताराला आडवे आहेत, पाणी अडवायला आणि माती धरून ठेवायला. पहिला मोठा पाऊस झाला की वडील खोरं घेऊन निघतात. जिथे पाण्याने वाट काढलेली असते तिथे हरळीच्या मुळ्यांसकट ढेकळं लावतात, वर माती ओढतात, पायाने दाबतात. मला हाक मारतात ती अशी: “ये लवकर, बांध फुटलाय, बांधून काढू.”