बाजार, मैदान आणि कविता: चिंध्या कुणाला म्हणता?

"एक ना धड, भाराभर चिंध्या. शेअर दलालाच्या हातून कविता होत नाही, खेळाडूला शब्दांचं वेड नसतं आणि खरा कवी पोटाचा धंदा सोडतो." हा मजकूर होतकरू मुलांना मोठ्या कळकळीने पाठवला जातो. तिन्ही विधानं चुकीची आहेत, आणि ती वाचून एखादी वही कायमची मिटली जाऊ शकते, म्हणून हे लिहितो आहे.

दलालीने मन कोरडं पडतं, हे पहिलं. अमेरिकन कवी एडमंड क्लॅरेन्स स्टेडमन (1833–1908) 1900 पर्यंत न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजचे, म्हणजे तिथल्या शेअर बाजाराचे सभासद होते. त्याआधी ते पत्रकार. अमेरिकन यादवी युद्धाच्या बातम्या त्यांनी रणभूमीवरून धाडल्या. बाजारात आले ते लिहायला सवड मिळावी म्हणून. व्हिक्टोरियन कवींवरचा त्यांचा समीक्षाग्रंथ 1875 चा, अमेरिकन कवींवरचा 1885 चा. दोन्ही दलाली चालू असतानाचे. त्यांच्या गाजलेल्या कवितेत ग्रीकांचा वनदेव पॅन थेट वॉल स्ट्रीटवर पावा वाजवतो, व्यवहारात बुडालेली माणसं थबकतात, आणि अखेर पोलीस येऊन त्याला हुसकावतो. त्या गर्दीत रोज वावरल्याशिवाय ही कविता सुचली असती, असं मला वाटत नाही. बाजाराने त्यांचा वेळ खाल्ला असेल; पण विषयही त्यानेच दिला.

खेळाडू आणि शब्द यांच्याबद्दल फार बोलायला नको. 1912 ते 1948 या काळात ऑलिंपिकमध्ये साहित्यालाही पदकं होती. 1924 साली कवितेसाठी कांस्यपदक मिळवणारे डब्लिनचे ऑलिव्हर सेंट जॉन गोगार्टी तरुणपणी सायकल शर्यती गाजवत, पट्टीचे पोहत, आणि पेशाने शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर होते. सॅम्युअल बेकेट प्रथम श्रेणीचे 2 क्रिकेट सामने खेळले. 1969 चं साहित्याचं नोबेल त्यांचंच.

तिसरं विधान मला सगळ्यात घातक वाटतं, कारण ते ऐकून माणसं खरंच राजीनामे देतात. अमेरिकन कवी वॉलेस स्टीव्हन्स 1916 पासून हार्टफर्डच्या विमा कंपनीत होते, 1934 मध्ये उपाध्यक्ष झाले. गाडी चालवत नसत; कचेरीत चालत जाताना ओळी जुळवत. 1955 मध्ये त्यांना कवितेचं पुलित्झर पारितोषिक मिळालं. हार्वर्डने मानाचं व्याख्यानपद देऊ केलं तेव्हा ते पंचाहत्तरीचे होते. ते स्वीकारलं तर नोकरी सोडावी लागेल, म्हणून त्यांनी नाही म्हटलं.